अकरा फेऱ्या कमी

दगडू शिगवणला माणसं आवडत नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं. म्हणजे नंतर कोणाला वाईट वाटायला नको. त्याला बर्फ आवडतो. दुबईतल्या त्या मॉलबाहेर पंचेचाळीस डिग्री असताना आत स्केटिंगचा साठ बाय तीस मीटरचा बर्फ गेली नऊ वर्षं टिकून आहे, तो दगडूमुळे. मॅनेजर गनीमुळे तर अजिबात नाही. गनीला बर्फ फक्त ग्लासातला कळतो.

दगडू दापोलीकडचा. नववीत त्यानं शाळेला सोडलं की शाळेनं त्याला, यावर घरात अजून वाद आहे. हर्णै बंदरात बर्फाच्या कारखान्यात लागला. मासळीसाठी लाद्या पाडायच्या. तिथे त्याला एक गोष्ट कळली, जी डिग्रीवाल्यांना कळत नाही. लादीच्या मधोमध जो पांढरा ढग दिसतो ना, ती हवा असते, पाण्यात अडकलेली. ढगवाली लादी आधी फुटते. काचेसारखी लादी हवी तर पाणी गोठेपर्यंत ढवळत ठेवायचं, हवा हाकलून लावायची. पुढे जबल अलीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये चार वर्षं काढली आणि तिथून या रिंकवर आला. राहायला इंटरनॅशनल सिटी, एका खोलीत सहा जण. पाच जण क्रिकेटवाले. दगडू एकटा लाँग ट्रॅकवाला.

लाँग ट्रॅक म्हणजे बर्फावरच्या स्केटिंग शर्यतीचा चारशे मीटरचा लांबट गोल. दोघं दोघं सुटतात, पण भांडण एकमेकांशी नसतं, घड्याळाशी असतं. असला ट्रॅक यूएईत नाही. दगडूनं तो मोबाइल सोडून कुठे पाहिलेलाच नाही. तरी त्याच्या मशीन रूमच्या भिंतीवर काळ्या मार्करनं सगळे वर्ल्ड रेकॉर्ड लिहिलेत. अंतर, वेळ आणि गाव. सॉल्ट लेक. कॅल्गरी. परत सॉल्ट लेक. बायकांचा पाचशे मीटरचा आकडा बारा वर्षं तसाच होता. गेल्या नोव्हेंबरात तो मोडला, तोही त्याच सॉल्ट लेकच्या बर्फावर, तेव्हा दगडूनं स्टुलावर चढून जुना आकडा खोडला आणि खाली उतरून एकट्यानंच टाळी वाजवली.

काउंटरवर बूट देणारी मुनिबा एकदा भिंत बघून म्हणाली, "दगडू भाई, खिलाड़ी का नाम कहाँ है?"

"खिलाड़ी का नाम तो सब लिखते हैं," दगडू म्हणाला आणि दार लावून घेतलं.

त्याचा राग हाच. सॉल्ट लेक उंचावर, तिथली हवा विरळ, बर्फात हवा कमी अडकते, सगळं कबूल. पण पाईपात पाणी सोडणारा, पहाटे उठून अर्ध्या अर्ध्या डिग्रीसाठी भांडणारा कोणीतरी तिथेही असेलच ना? स्केटर झेंडा घेऊन फिरतो, कोच रडतो, बुटाची कंपनी जाहिरात करते. बर्फ पाडणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही. दगडूच्या बर्फावर नऊ वर्षांत किती लाख माणसं घसरली असतील. त्यातल्या एकानंही बर्फाबद्दल शब्द काढलेला नाही. "थंड आहे," एवढंच म्हणतात.

तर अशा माणसाकडे सुजीत आला.

सुजीत बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पुण्याचा, इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. त्याची अकरा वर्षांची मुलगी ईशानी रोज संध्याकाळी रिंकवर यायची. पोरगी चिवट होती, पडली तरी रडत नसे. पण बापाला नुसती चिवट पोरगी नको होती, त्याला सर्टिफिकेट हवं होतं. तिकडे पुण्यात चाकाच्या स्केटवर गोल गोल फिरवून पोरांच्या गळ्यात वर्ल्ड रेकॉर्डचे बिल्ले घालायची जी फॅशन आहे, ती त्याला इथे बर्फावर आणायची होती. असल्याच एका रेकॉर्ड बुकवाल्यांशी त्यानं बोलणं केलं होतं. 'वाळवंटी देशात बर्फावर दहा हजार मीटर स्केटिंग करणारी सर्वांत लहान मुलगी.'

"वाळवंटी देशात," दगडू म्हणाला. "म्हणजे वाळूत चालत असती तर?"

"दगडू, तू जोक नको मारूस," सुजीत म्हणाला. दगडू त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा, तरी पहिल्या दिवसापासून अरेतुरे. "शनिवारी सकाळी दोन तास स्लॉट घेतलाय. तू फक्त बर्फ एकदम फर्स्ट क्लास ठेव. आणि हे बघ."

त्यानं टॅबवर फॉर्म दाखवला. इंग्रजी. खाली एक ओळ, बर्फ आणि अंतर तपासणाऱ्या तंत्रज्ञाची. त्यापुढे टाईप केलेलं: दगडू शिगवण.

"तुझं नाव पण रेकॉर्डमध्ये येणार, काय? छापून!"

 त्या रात्री दगडूनं नर्मदाला फोन लावला. बायकोला तो आठवड्यातून एकदाच फोन करतो, तो वार नव्हता, म्हणून ती आधी घाबरली.

"बरं आहे ना सगळं?"

"माझं नाव छापून येतंय."

"पोलिसांत?"

"रेकॉर्डात, गं! बर्फाचा माणूस म्हणून."

सकाळपर्यंत ते अर्ध्या वाडीला कळलं होतं.

मग दगडू कामाला लागला. गुरुवारी त्यानं शंकू मांडले, म्हणजे पोरगी त्यांच्या बाहेरून फिरेल. लाँग ट्रॅकची रीत त्याला पाठ होती. फेरी मोजायची ती आतल्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर, जिथे स्केटर खरोखर धावतो तिथे. रिंकच्या भिंतीवरून नाही. बर्फावर गुडघे टेकून, दोरी लावून त्यानं तीनदा मोजलं. एकशे चाळीस मीटर. दहा हजाराला बहात्तर फेऱ्या. त्यानं सुजीतला व्हॉट्सॅप केला: 'साहेब, फेरी १४० मीटर, ७२ फेऱ्या लागतील.' सुजीतनं अंगठा पाठवला.

शनिवारी सकाळी आठला मंडळ आलं. बॅनर आला, फुगे आले, ढोकळा आला. रबराच्या मॅटवर ढोकळ्याचे तुकडे पडलेले बघून दगडूच्या कपाळाची शीर उडायला लागली. भाषणं झाली. प्रत्येकजण दुसऱ्याला धन्यवाद देत होता. साडेआठला ईशानी सुटली. दगडू मशीन रूममध्ये कॉम्प्रेसरचे काटे बघत होता. वीस मिनिटांनी बाहेर आला आणि फेऱ्यांचा बोर्ड बघून थबकला. त्यावर पाटी होती: छत्तीस शिल्लक. पोरगी तर जेमतेम पंचविसावी संपवत होती.

पंचवीस आणि छत्तीस. एकसष्ट.

तो सरळ सुजीतकडे गेला. "साहेब, एकसष्ट कुठून आल्या?"

"अरे, मॉलच्या ड्रॉइंगवर आहे ना. बाउंड्री एकशे पासष्ट मीटर. दहा हजार भागिले एकशे पासष्ट."

"ती भिंत आहे. पोरगी भिंतीवर चढून धावत नाहीये. बहात्तर सांगितल्या होत्या तुम्हाला."

"थोडं इकडे तिकडे चालतं, दगडू. लाइव्ह चालू आहे, प्लीज."

"अकरा फेऱ्या इकडे तिकडे?"

"नंतर बोलू!" सुजीत कॅमेऱ्याकडे बघून हसत म्हणाला. दात सगळे दिसत होते आणि आवाज त्या दातांमागून येत होता.

दगडू कठड्याला टेकून उभा राहिला. ईशानी त्याच्यासमोरून जायची, गाल लाल, एक हात पाठीवर, अगदी त्या मोबाइलमधल्या बायांसारखी. पाटी उतरत शून्यावर आली. फुगे फुटले. दोन बायकांनी पोरीला मध्ये घेऊन इतके फोटो काढले की तिला बसायलाही मिळेना.

सुजीत फॉर्म घेऊन आला. आता कागदावर होता, जाड, सोनेरी कडेचा. "चल, सही ठोक पटकन. दहाला पब्लिक येणार."

दगडूनं कागद घेतला. नाव होतं. ठळक अक्षरांत. आयुष्यात त्याचं नाव छापलेलं त्यानं दोनदाच पाहिलं होतं, पासपोर्टवर आणि लेबर कार्डावर. त्यानं अक्षरांवरून बोट फिरवलं. सही केली असती तर कोणाचं काय जाणार होतं? वाडीला तर आधीच माहीत झालं होतं.

त्यानं पेन घेतलं, दहा हजारवर आडवी रेघ मारली, वर लिहिलं ८५४०, आणि मग खाली सही केली.

सुजीतचा चेहरा दुधासारखा उतू गेला. "हे काय केलंस? अक्कल आहे का तुला? ओरिजिनल कागद आहे हा!"

"ओरिजिनल आहे म्हणूनच खरं लिहिलं."

"तुला कोणी विचारलं रे? तू बर्फ पुसणारा माणूस, तू मला गणित शिकवणार?"

"बर्फ पाडणारा," दगडू म्हणाला. "पुसतो तो दुसरा. आणि तुमचं गणित चौथीतल्या पोराला दाखवा, तो हसेल."

 कोणाच्या तरी हातातला ढोकळा हवेतच राहिला. गनी धावत आला, "क्या हुआ, क्या हुआ, हबीबी, शांती रखो." आणि गर्दीतून ईशानी पुढे आली, पायात स्केट तसेच.

"व्हॉट डू यू मीन, एट थाउजंड?"

"काही नाही बेटा, अंकल कन्फ्यूज झालेत."

दगडूनं मोबाइल काढून तिच्यासमोर धरला. गुरुवारचा मेसेज. खाली बापाचा अंगठा. पोरीला मराठी वाचायला वेळ लागला, ओठ हलवत वाचलं तिनं. मग बापाकडे पाहिलं.

"बाबा, यू न्यू?"

"ईशू, इट्स जस्ट अ टेक्निकल..."

"आय टोल्ड एव्हरीवन इन स्कूल!" ती ओरडली. मग दगडूकडे वळली, तेवढ्याच रागानं. "हाऊ मेनी?"

"अकरा."

"ईशू, नो. फोटो झालेत, ब्रंचचं बुकिंग आहे, दहाला पब्लिक..."

ती खाली बसली आणि लेस आवळायला लागली.

दहाला पाच मिनिटं होती. दारापाशी पब्लिकची रांग, आधाराचे प्लास्टिकचे पेंग्विन धरून उभी राहिलेली चिल्लीपिल्ली. आता रिंकचा एक नियम आहे, आणि तो गनीनंच फ्रेम करून लावलाय: बर्फ गुळगुळीत करायचं मशीन रिंकवर असेल तोवर पब्लिकचं दार उघडायचं नाही. दगडू आत गेला, मशीन बाहेर काढलं, बरोबर रिंकच्या मध्यावर नेऊन उभं केलं. वरचा पिवळा दिवा गरगरत ठेवला. किल्ली काढून खिशात घातली.

"दगडू!" वॉकीटॉकीत गनी किंचाळला. "मशीन क्यों रुका है?"

"गरम हो गया."

"बर्फ पे गरम हो गया?"

"हो जाता है."

पोरगी निघाली. मशीन बर्फावर असताना आत कोणी नसावं, हा नियमही दगडूनंच पोरांना नऊ वर्षं ओरडून शिकवला होता. तो आज त्यानंच मोडला आणि मशीनच्या सीटवर बसून मोठ्यानं मोजायला लागला. एक. दोन. काचेपलीकडे बाप हातवारे करत होता. पब्लिक काच बडवत होतं. कोणीतरी अरबीत, कोणीतरी मल्याळीत, कोणीतरी इंग्रजीत दगडूच्या खानदानाची चौकशी करत होतं. सातव्या फेरीला पोरगी पडली. दगडू उठला नाही. "उठ," म्हणाला. ती इंग्रजीत काहीतरी शिवीसारखं पुटपुटली आणि उठली. आठ.

त्या कागदाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकू. सुजीतनं नवीन फॉर्म मागवला. दहा हजार मीटर, तंत्रज्ञ म्हणून गनीची सही. सर्टिफिकेट फ्रेम होऊन घरात लागलं. दगडूला वॉर्निंग लेटर मिळालं, त्यात मात्र त्याचं नाव छापलेलं होतं, तेही स्पेलिंग चुकवून. नर्मदानं विचारलं, "छापलं का?" तो म्हणाला, "नाही." ती म्हणाली, "मग वाडीत काय सांगू?" तो म्हणाला, "सांग, अंतर कमी होतं." तिला ते कळलं नाही, पण तिनं तसंच सांगितलं.

पण ते नंतरचं. त्या सकाळी अकरावी फेरी झाली तेव्हा ईशानी कठड्याला आदळूनच थांबली. दगडू मशीनवरून उतरून तिच्यापाशी गेला.

"टाइम किती?" तिनं विचारलं.

"टाइम नाही. मध्ये थांबलीस ना. फोटो काढत होतीस."

"सो इट्स नॉट अ रेकॉर्ड."

"नाही."

"देन व्हॉट इज इट?"

"दहा किलोमीटर. ऐंशी मीटर जास्तच."

ती त्याच्याकडे असं बघत राहिली, की हातात काही असतं तर फेकून मारलं असतं. नाक पुसलं. मग हातमोज्यानं लांबचा कोपरा दाखवला, जिथे वर बर्गरचं दुकान आहे.

"अंकल, तो कॉर्नर बॅड आहे. आफ्टर फॉर्टी लॅप्स. बर्फ पाय ओढतो तिकडे. यू शुड फिक्स दॅट."

दगडू तिथेच उभा राहिला. दोन वर्षं तो गनीला लिहून देत होता, की त्या दुकानाचं दार उघडं राहतं, गरम हवा खाली येते, कोपरा मऊ पडतो. गनी म्हणायचा, किसी को पता नहीं चलता.

"कुठला पाय ओढतो?" त्यानं विचारलं.

"लेफ्ट. मोस्टली लेफ्ट."

"सुरुवातीला ओढतो, का वळण संपताना?"

तिनं डोळे मिटून आठवलं. "संपताना."

दगडूनं मान हलवली. खिशातून किल्ली काढली, मशीनवर चढला आणि आधी पूर्ण फेरी मारायची सोडून थेट त्या कोपऱ्यात गेला. गरम पाण्याचा पातळ थर दिला, मागे वळून बघितला, परत दिला. सव्वादहा वाजून गेले होते. काचेवर हात आपटत होते. बाप पोरीचे स्केट काढायला वाकला होता आणि ती पाय देत नव्हती.

"दगडू, यल्ला! खलास करो!" वॉकीटॉकी ओरडला.

"एक और," दगडू म्हणाला, आणि वळण संपतं तिथे तिसरा थर द्यायला लागला.