सात रात्रींची झोप

शिवतेज माझा सख्खा धाकटा भाऊ. मी सातवीच्या पुढं शिकलो न्हाई, पण छातीठोक सांगतो, अख्ख्या बोनकोड्यात असा गडी दाखवा! भाजी मार्केटात रात्रभर कोबीच्या गोणी उतरवतो, पाठ वाकत न्हाई.

तळवलीच्या तेजश्रीशी त्याची सुपारी फुटली. गडी खुशीत पाहिजे, तर ह्यो ताटावर डुलक्या घेतोय. दोस्त रूपेश म्हणाला, "लग्नाआधी सगळं रक्त तपासून घे." शिवतेज नेहमीसारखा संध्याकाळी पाचला उठला, चहा-बटर खाल्लं आणि तसाच लॅबमध्ये गेला.

रिपोर्टात टेस्टोस्टेरॉन कमी. पुरुषाचं हार्मोन ते. पोरगं पार खचलं. आपण पुरुषात जमा न्हाई, हेच त्याच्या मनानं घेतलं.

"दादा, तळवलीला नको म्हणून कळव. माझ्यापायी तिचं वाटोळं नको."

"गप! ह्या ज्योतिबाचा भाऊ हायेस तू." हाताला धरून वैजयंती डॉक्टरांकडं नेला.

बाईंनी आकड्याआधी वेळ बघितली. "रक्त संध्याकाळी दिलंत?"

"उठतोच पाचला, मॅडम."

"हे हार्मोन सकाळी जास्त असतं, मग उतरतं. त्यात तुमची झोप दिवसाची, तुटकी. एका कागदावर कुणी निदान करत नाही. आठवडाभर रात्री झोपा, मग सकाळी उपाशीपोटी रक्त द्या. तेव्हाही कमी आलं तर पुढचं बघू, औषधं आहेत."

"रात्री झोपू? मग गोणी कोण उचलणार?"

"मी हाय की!" मी म्हटलं. दहा वर्षं नुसता टेम्पो चालवतोय, गोणीला हात न्हाई लावला, म्हणून काय झालं?

घरी येऊन त्यानं तेजश्रीला फोन लावला. काही लपवलं न्हाई.

"अहो, एवढ्यासाठी सुपारी मोडायला निघालात? मला विचारलंत तरी का?" ती चिडली. मग हळूच म्हणाली, "फोन ठेवा आता. झोपा गप."

सात रात्री गोणी मी उतरवल्या, आन् पोरगं लहानपणी झोपायचं तसं झोपलं. आठव्या दिवशी सकाळी रक्त दिलं, संध्याकाळी रिपोर्ट आला. आकडा चांगला! बाई म्हणाल्या, थकवा झोपेचाच होता, आता दिवसपाळी मागा. शिवतेज मला मिठी मारून रडला. मी न्हाई रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला अंथरुणातनं उठवेना. शिवतेज कोमट तेलाची वाटी घेऊन आला.

"दादा, पालथा हो."

पाठ काय एवढी दुखत नव्हती. तरी झालो.