शब्द पुसून अर्थ लिहायला लावणारे सर

खंडारे सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांचे मोठमोठे विद्यार्थी लिहिणार आहेत. माझी शाळा चौथीत सुटली. सरांच्या दिल्लीतल्या, द्वारका भागातल्या घरी मी अठरा वर्षं स्वयंपाक करते. मलाही लिहायला सांगितलं, म्हणून लिहिते. लांबण लावणार नाही. लेकीच्या बाळंतपणात मी तिच्याजवळ होते ती सरांच्या शिकवण्यामुळे, एवढंच मला सांगायचं आहे.

पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "काय काय येतं तुम्हाला?"

"सगळं येतं."

"सगळं म्हणजे?"

मला घाई होती. म्हटलं, "सर, काम द्यायचं तर सांगा, नाहीतर मी मेट्रो पकडते."

सर हसले. "इडली येते?"

"नाही."

"मग सगळं नाही येत. पण चालेल, मला भाकरी येणारं माणूस हवं आहे."

काम तिथंच ठरलं.

सर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत. रिटायर झाल्यावरही दर शनिवारी मुनिरका भागात खोल्या घेऊन राहणारी कॉलेजची मुलं त्यांच्याकडे शिकायला येतात. हॉलमध्ये फळा आहे आणि माझ्या ओट्यापाशी सगळं ऐकू येतं. सरांची रीत एकच. कोणी काही सिद्ध करायला निघालं की त्याने ते फळ्यावर लिहायचं. त्यातला घोळ घालणारा शब्द सर पुसायला लावतात आणि प्रत्येक जागी तिथला अर्थ लिहायला लावतात. तरी वाक्यं एकमेकांना धरून राहिली, तर म्हणणं खरं.

एकदा एका मुलाने लिहिलं, "कायद्याने सगळे समान आहेत. समान असलेल्यांना वेगळी सवलत नको. म्हणून सवलती बंद करा." वर म्हणाला, "सर, बिल्कुल सीधी बात है." सरांनी 'समान' पुसायला त्याच्या हातात डस्टर दिलं. पहिल्या जागी त्याने लिहिलं, 'हक्कांनी सारखे'. दुसऱ्या जागी दोनदा खोडून लिहिलं, 'परिस्थितीने सारखे'. मग आपणच खाली बसला. असली बोलणी मी जन्मभर ऐकत आले. काहीतरी खोटं आहे एवढं कळायचं, कुठे ते सापडत नसे. त्या दिवशी सापडलं. सर त्याला एक शब्द टोचून बोलले नाहीत. मला म्हणाले, "चहा याला आधी द्या, मेहनत याने केली."

दोन वर्षांपूर्वी माझ्या पल्लवीचं पहिलं बाळंतपण नागपूरला होतं. तिला सासू नाही, करणारं दुसरं कोणी नाही. मी महिनाभराची सुट्टी मागितली. तेव्हा मॅडम, म्हणजे सरांच्या पत्नी, वारून वर्ष झालं होतं आणि सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. सर म्हणाले, "सुनंदाबाई, तुम्ही तर घरच्याच. घरचं माणूस कधी सुट्टी मागतं का?"

मी ओट्यापाशी गेले. पोळ्या लाटल्या; रागात लाटल्या, वातड झाल्या. मग हात पुसून फळ्याकडे गेले आणि सरांचंच म्हणणं लिहिलं. "सुनंदाबाई घरच्या आहेत. घरच्यांना सुट्टी नसते. म्हणून सुनंदाबाईंना सुट्टी नाही." मग 'घरच्या' हा शब्द दोन्ही जागी पुसला. पहिल्या जागी लिहिलं, 'आमची माया असलेल्या'. दुसऱ्या जागी लिहिलं, 'ज्यांना दुसरं घर नाही त्यांना'.

शनिवार होता. मुलं यायला दहा मिनिटं होती. सर काठी टेकत आले, त्यांनी वाचलं. पुसायला वेळ होता. त्यांनी पुसलं नाही. मुलं आल्यावर म्हणाले, "आजची चूक माझी आहे. पकडली सुनंदाबाईंनी."

मागून कोणीतरी पुटपुटलं, "अरे यार, सर भी?"

"सर भी," सर म्हणाले. "माया खरी होती. पण मला एकट्याने राहायची भीती वाटली, आणि तसं म्हणायची लाज वाटली. मग मायेला पुढे केलं."

तासभर त्यावरच शिकवलं. मी आत घासलेलीच भांडी पुन्हा घासत होते.

तिसऱ्या दिवशी मी नागपूरच्या गाडीत बसले. महिनाभर मुलांनी आळीपाळीने सरांचा डबा आणला. नात झाली तेव्हा पल्लवीचा हात माझ्या हातात होता. दिल्लीत मोठी माणसं मी पुष्कळ पाहिली. आपली चूक आपल्याच फळ्यावर राहू देणारे मात्र सर एकटेच पाहिले.

तेव्हापासून रविवारी मला सुट्टी असते. त्या दिवशी सर स्वतः पिठलं करतात, त्यात गुठळ्या होतात, आणि सोमवारी माझ्यासाठी वाटीभर ठेवलेलं असतं. मला घरची म्हणायचं त्यांनी सोडलेलं नाही. आता मला ते खटकत नाही.

शेवटी 'सरांना उदंड आयुष्य लाभो' असं लिहिणार होते. पण सर विचारतील, "उदंड म्हणजे?" म्हणून तो शब्द पुसते आणि अर्थ लिहिते. सरांचा गुडघा दुखू नये. शनिवारी हॉल भरलेला असावा. आणि माझ्या नातीचा हात फळ्यापर्यंत पोचेल, तेव्हा तिच्या हातात डस्टर सरांनीच द्यावं.