पाचाचा एक

सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला मी गेलो नाही. लाटांचा अंदाज सांगणाऱ्या ॲपवर विश्वास ठेवला आणि बायकोला एकटीलाच माहेरी पाठवलं. चूक माझीच.

ॲप म्हणत होतं, रविवारी, म्हणजे श्राद्धाच्याच दिवशी, पाच फुटांच्या लाटा आणि सकाळी जमिनीवरून येणारा मंद वारा. पन्नाशीत सर्फिंग शिकलेल्या माणसाला असा दिवस क्वचित मिळतो. मी पुण्याहून गाडी काढून कोकणात उतरलो. सकाळी पाहतो तर समुद्र परातीतल्या पाण्यासारखा, आणि वारा उलटा, पाण्यावर नुसत्या सुरकुत्या पाडणारा. दुपार टळेपर्यंत फळीवर बसून कंटाळलो, तेव्हा किनाऱ्यावर येऊन फोन पाहिला. पाचाचा एक झाला होता. कालचे पाच फूट कुठेच नव्हते. जणू ॲप तसं कधी म्हणालंच नव्हतं. इतका निर्लज्जपणा!

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"आल्या का तुझ्या लाटा?"

"नाही गं."

"इथे तुझं पान वाढून ठेवलं होतं. दुपारपर्यंत पोचतो म्हणाला होतास."

"जमलं तर बघतो म्हणालो होतो."

मला तो पुसलेला पाचाचा आकडा आठवला. लग्न झाल्यापासून मी हेच करत आलोय. शब्द द्यायचा, आणि दिवस उजाडला की गुपचूप बदलायचा. ॲपला निदान वाऱ्याची सबब तरी आहे.

"नाही," मी म्हणालो, "पोचतो असंच म्हणालो होतो. आणि आलो नाही. चुकलो मी, मला माफ कर."