नाव न लिहिता दिलेली पुस्तकं

सत्तरच्या दशकातली गोष्ट. काष्टीजवळच्या आमच्या गावात वाचनालय होतं, म्हणजे ग्रामपंचायतीची एक खोली, दोन कपाटं आणि ती सांभाळणारी मी. वाचायला कुणी फिरकत नसे. दसऱ्याला तेवढे लोक चपला बाहेर काढून यायचे, कपाटांना हळदकुंकू वाहायचे आणि निघून जायचे. शेवटी सरपंचांनी बजावलं, "बाई, दिवाळीपत्तुर वाचनारं कुनी दिसलं न्हाई, तर खोली खताच्या पोत्यांना देनार." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी कोतवालाला गाठून गावात दवंडी पिटवली: पुस्तकं फुकट, फक्त नाव लिहा आणि घरी न्या. काष्टीच्या आठवडे बाजाराला आमचं सारं गाव लोटायचं, म्हणून तिथेही बैलांच्या दावणीशेजारी सतरंजी टाकून पुस्तकं मांडली. लोक थांबायचे, चित्रं बघायचे आणि मी नाव विचारलं की काढता पाय घ्यायचे. अखेर आमच्याच गावच्या एका म्हाताऱ्याने उलगडा केला.

"फुकट देताय, नाव लिवताय. नसबंदीचं तर न्हाई ना, बाई? पोरं लई भ्यायलीत."

तेव्हा शिबिरांची धामधूम होती. नाव दिलं की गाडी दारात येणार, अशी धास्ती घरोघर होती. मला आधी हसू आलं, मग संताप. नावांसाठी आणलेला कागद मी सगळ्यांदेखत फाडला. "नाव नको, गाव नको. न्या आणि पुढच्या बाजारी आणून द्या," म्हटलं. संध्याकाळी सतरंजीवर एकही पुस्तक उरलं नाही. आठवडाभर मला एकच घोर होता. पुस्तकंच गेली, तर खोली राहून करायचं काय?

पुढच्या बाजारी सगळ्यात आधी तो म्हाताराच आला, पुस्तक धुतलेल्या फडक्यात गुंडाळून. "सुनंनं रोज वाचून दावलं. आता दुसरं द्या, अन् तिच्या मैतरनीला बी एक." दुपारपर्यंत सगळी पुस्तकं परत आली आणि पुन्हा गेली. मग लोक थेट खोलीवरच येऊ लागले.

दिवाळीच्या तोंडावर सरपंच खताची गाडी घेऊनच आले. कपाटं उघडली तर रिकामी.

"पुस्तकं कुठं हायेत, बाई?"

"गावात," मी म्हटलं. इतक्या ताठ मानेने मी क्वचितच बोलले असेन.

दारात चार बाया पुस्तकं बदलायला खोळंबल्या होत्या. सरपंच त्यांच्याकडे बघत राहिले, मग ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी चावडीकडं घे. हितं वाचनालय हाय."