दुसऱ्या मांजराचा शौक

पहिलं मांजर घरात आलं तेव्हा मला कुणी काही विचारलं नव्हतं. मंठ्यात आमचं बी-बियाण्याचं दुकान आहे, दुकानामागे गोदाम आणि गोदामाला लागून घर. उंदरांनी बियाण्याच्या थैल्या कुरतडायला सुरुवात केली तेव्हा नवऱ्यानेच एका गिऱ्हाइकाला सांगून करडी मांजरी आणवली. तिने गोदामात असा काही दरारा बसवला की घरादारात तिचं कौतुक सुरू झालं. "लई कामाची हाये," नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. आमच्याकडे यापेक्षा मोठी शाबासकी नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी शेजारणीला माझ्याबद्दल हेच सांगितलं होतं, अगदी याच शब्दांत.

दुसरी आली ती कापसातून. आमच्या शेजारी कापूस खरेदी करणारे मारवाडी शेठजी आहेत, तीन पिढ्यांपासून इथलेच. त्यांच्या दारात टेम्पो रिकामा होत होता आणि ढिगातून एक पिल्लू निघालं. पांढरंशुभ्र, त्यामुळे आधी कुणाला दिसलंच नाही. हमालाचा हात लागला तेव्हा ते किंचाळलं. मागचा एक पाय दबून लुळा पडला होता. शेठजी फार कळवळले. "वहिनी, जीव आहे हो. घेऊन जा, पुण्य लागेल," म्हणाले. पुण्य माझं, पिल्लूही माझं. शेठजींच्या वाट्याला नुसता कळवळा. मी पिल्लू पदरात घेतलं आणि घरी येऊन सांगितलं की दोन दिवस ठेवते, पाय बरा झाला की बघू.

पाय बरा होणारच नव्हता. जनावरांच्या डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, जगेल, पण पळणार नाही, उडी मारणार नाही. हे ऐकल्याबरोबर नवऱ्याने निकाल दिला.

"मंग ही उंदीर काय धरणार? एक हाये की आपल्याकडं. दुसरी कशाला पाहिजे?"

तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकं बसलेली, मी चहा घेऊन गेले, आणि हा माझ्याकडे न बघता त्यांना सांगतो, "आमच्या मंडळींला आता मांजरांचा शौक लागून राह्यला." सगळे हसले. एकाने तर "संभाळा बुवा, जल्दी आवरा," असा सल्ला दिला, जणू मी पत्त्यांच्या क्लबात जाऊन बसते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कप ठेवले आणि आत आले, कारण चारचौघांत नवऱ्याला बोलायचं नाही हे आमच्या हाडात भिनलेलं असतं.

हे बोलणारा माणूस कोण, तेही सांगायला हवं. आमच्या गोठ्यात दोन बैल आहेत. दोघांनी जन्मात नांगर ओढलेला नाही. आमची नांगरट, पेरणी सगळी ट्रॅक्टरने होते. हे बैल शंकरपटाचे, म्हणजे शर्यतीचे. वर्षातून काही वेळा धावतात, कधी बक्षीस आणतात, बहुतेक वेळा नाही. बाकी वर्षभर खातात. त्यांना रोज दूध, उडदाचं पीठ, कणकेचे गोळे आणि टोपलीभर अंडी लागतात. हा खुराक कोण कालवतं? मी. सुरुवातीला एकच बैल होता. मग नवरा म्हणाला, एकट्याला करमत नाही, जोड बराबर लागते. त्या जोडीसाठी हा माणूस पार भोकरदनकडे गेला आणि पिंपळगाव रेणुकाईहून दुसरा बैल घेऊन आला. हलगी वाजली, गुलाल उधळला, आणि दारात त्या बैलाला मीच ओवाळलं. तेव्हा एका तरी माणसाने विचारलं का, की एक आहे, दुसरा कशाला? "शौकीन माणूस हाये," असं लोक म्हणाले, आणि माझ्या नवऱ्याची छाती फुगली.

बैलांवर माझा राग नाही. देखणी जनावरं आहेत, मला बघून मान हलवतात. राग त्या शब्दाचा आहे. तोच शब्द त्याच्या नावापुढे लागला की मानाचा फेटा होतो आणि माझ्या नावापुढे लागला की लोक हसतात. हे मी इतकी वर्षं बघत आले होते, पण त्या दिवशी चहाचे कप ठेवताना ते मला झोंबलं.

तरीही खरी अडचण वेगळीच होती आणि तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. थोरलीला, म्हणजे आमच्या करड्या मांजरीला, काय वाटतं? ती धाकटीवर फिस्कारली, थैल्यांच्या थप्पीवर जाऊन बसली आणि दुधाला तोंड लावेना. मी खाली उभी राहून बोलवायची, ती भिंतीकडे तोंड करायची. तेव्हा मात्र माझं मन डळमळलं. घर आधी तिचं होतं. माझ्या हौसेपायी तिने उपाशी का राहावं? थोरलीने खाल्लंच नाही तर धाकटीसाठी दुसरं घर बघायचं, असं मी मनाशी ठरवलं. दोघींना वेगळ्या खोल्यांत ठेवलं. धाकटीच्या अंगाखालचं फडकं थोरलीच्या बशीखाली घालत गेले. आधी तिने बशीच उलथी केली. मग एका सकाळी पाठ फिरवून का होईना, त्या फडक्यावर बसून तिने दूध संपवलं. पुढे एकदा धाकटी सरपटत तिच्याजवळ गेली तेव्हा थोरलीने तिच्या डोक्यावर पंजा मारला, पण नखं आत ठेवून. त्यांचं गूळपीठ जमलं असं मी म्हणणार नाही. पण जिला विचारायचं होतं तिने उत्तर दिलं होतं, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात आमच्या अक्का आल्या. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. माहेरी आल्या की पहिल्या दिवसापासून घराची घडी बसवायला घेतात. भावाने गाऱ्हाणं मांडलंच असणार. निघायच्या दिवशी त्यांनी अंगणात येऊन नायलॉनची पिशवी झटकली आणि मला म्हणाल्या, "आण गं ते पिल्लू. मी शेतावर सोडते. जगंल आपलं आपण."

"शेतावर तुमची कुत्री आहेत, अक्का. तिला पळता येत नाही."

"मंग तिचं नशीब. घराला एक मांजर लागतंच, त्याला कोण न्हाई म्हणतं? पर दुसरं कशाला? बाईमाणसाला असला शौक शोभत न्हाई."

"बराबर हाये अक्काचं," नवरा ओट्यावरून म्हणाला. त्याला वाटलं, आपोआप सुटलं. दुकानातली दोघंतिघं दारात येऊन उभी राहिली होती. शेठजीही आपल्या गेटशी आले होते, कळवळा घेऊन.

धाकटी माझ्या पायाशी होती. मी तिला उचललं, आणि माझा आवाज इतका चढला की मीच दचकले.

"शौकच आहे मला. शोभो नाहीतर न शोभो. या घरात दोन बैल शौकाचे आहेत, त्यांना मी हाताने भरवते. त्यांच्यासाठी कुणी पिशवी झटकली नाही. ही माझी आहे, आणि ती कुठं जाणार नाही."

 अक्कांनी पिशवीची नीट घडी घातली, भावाकडे बघून "बघ रे बाबा तुझं," एवढंच म्हणाल्या आणि जीपला उशीर होतोय म्हणून निघाल्या. दारातली माणसं दुकानात परतली. नवरा दिवसभर दुकानातच बसून राहिला. रात्री जेवताना मात्र त्याला राहवलं नाही. ताटावरून मान वर न करता त्याने विचारलं, "पर मला एक सांग, काय कामाची हाये ती?"

"काहीच कामाची नाही," मी म्हणाले.

त्याने ताट पुढे सारलं आणि हात धुवायला उठला. 

सकाळी मी धाकटीला एक अंडं उकडून कुस्करून दिलं. थोरली बाजूला बसून मिशा चाटत होती, तिलाही थोडं दिलं. नवरा बैलांच्या खुराकाची टोपली घ्यायला आला, त्याने आत बघितलं, पुन्हा बघितलं.

"एक अंडं कमी दिसून राह्यलं."

"शौकाला गेलं," मी म्हणाले.