मल्लिनाथच्या गिटारचं अर्थिंग

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बिघडलेल्या यंत्रांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. यंत्रं निदान गिऱ्हाईक परत घेऊन जातं! मी प्रत्येक दुरुस्ती वहीत लिहून ठेवतो. त्यातली एक अख्खी वही मल्लिनाथच्या इलेक्ट्रिक गिटारनं खाल्ली.

मल्लिनाथ सोलापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. एक दिवस गिटार घेऊन दुकानात आला. "मास्तर, आवाज पत्र्याच्या डब्यावानी येतोय. नवे पिकप बसवा की!" त्याच्या वडिलांची, अप्पांची, मार्केट यार्डात आडत. त्यांनी सांगून टाकलं होतं, "यंदा गणपतीत धड वाजलं न्हाय, तर गिटार माळ्यावर आन् तू आडतीवर!"

*

पिकप म्हणजे गिटारच्या तारांचा आवाज पकडणारं, चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. तार केसाहून बारीक, वेढे हजारो. तयार पिकप मिळेनात, म्हणून मीच गुंडाळायला बसलो; माझ्या हातून तार अकरा वेळा तुटली. अकराही नोंदी वहीत आहेत. शेजारच्या लक्ष्मम्मा मागासाठी चरख्यावर सुताच्या कांड्या भरायच्या. माझे हाल बघून म्हणाल्या, "सरका हो! सूत तुटू देत न्हाय मी, ही तार काय तुटतीय?"

दुपारभरात दोन वेटोळी तयार!

"किती वेढे झाले?" मी पेन्सिल सरसावली.

"कांडी भरली की थांबायचं. मोजतंय कोण?"

वहीत नोंद आहे: 'वेढे – भरेपर्यंत.'

*

वेटोळ्यांत घालायला चुंबक दोन लागत होते. मल्लिनाथनं सायकलच्या दिव्याचे डायनामो फोडून आणले; एक स्वतःचा, एक अप्पांचा. संध्याकाळी बिनदिव्याच्या सायकलवर त्याला चौकात हवालदारानं अडवलं.

"दिवा कुटं हाय?"

"गिटारमदी, साहेब."

खरं बोलल्याबद्दल अर्धा तास उभा केला! दुसऱ्या दिवशी त्याच चौकात अप्पा सापडले. हवालदारानं हात जोडले, "तुमचाबी गिटारमदीच का?"

*

वायरिंग करताना माझ्याकडून दोन तारा उलट लागल्या. दोन्ही पिकप एकदम चालू केले की आवाज नाकातून यायचा. मी दुरुस्त करायला गेलो, तर मल्लिनाथनं गिटार पोटाशी धरली. "ऱ्हाऊ द्या, मास्तर! लई झ्याक हाय!"

त्याच आठवड्यात एका साखरपुड्यात ऑर्केस्ट्रा होता. तिथं एक आजी जेवायला वाढायचं म्हणून मांडवभर सनईवाल्याला शोधत होत्या.

*

गणपतीत मंडळाच्या स्टेजवर गिटार लावली आणि स्पीकरमधून 'घूंऽऽ' सुरू झालं. आतली अर्थिंगची तार सुटली होती. लोक ओरडायला लागले. पहिल्या रांगेतले अप्पा ताडकन उठले, स्टेजवर चढले आणि त्यांनी गिटारची पिनच उपटायला हात घातला. धातूला बोटं लागली मात्र, घूं बंद! अप्पाच अर्थिंग झाले!

"अप्पा, सोडू नका!" मी खालून ओरडलो.

सोडलं की घूं, धरलं की गाणं. मल्लिनाथचे दोन्ही हात वाजवण्यात. अप्पा वाकून, फेटा सावरत उभे. "आटप की रं लवकर!" दोन गाणी झाली, तिसरं झालं. लोकांनी वन्स मोअर दिला, तेव्हा अप्पांनी फक्त हात बदलला.

दुसऱ्या दिवशी मी अर्थिंगची तार कथलाचा डाग देऊन पक्की जोडली. वहीत तशी नोंद आहे.

पुढच्या कार्यक्रमाला अप्पा इस्त्रीचं धोतर नेसून सगळ्यांच्या आधी स्टेजवर हजर!

"कुटं धरायचं?"

मल्लिनाथनं माझ्याकडं पाहिलं. मी वही मिटली.

"हितंच, अप्पा," तो म्हणाला.