बादलीतलं मुरबाड

मुरबाडहून वाशिंदला आइस्क्रीम आणताना मी वाटेत झाकण उघडून बघितलं. उघडू नको म्हणून बजावलेलं असताना उघडलं, एवढंच. बाकी सारा प्रवास मी अत्यंत जबाबदारीने केला.

दोन हजार चारचा एप्रिल होता. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, टायफॉइडमधून उठले होते, पण त्यांची अन्नावरची वासनाच उडाली होती. पंधरा दिवस चार-चार चमचे पेजेवर. डॉक्टर म्हणाले, "ताप गेलाय. आता यांनी खाल्लं पाहिजे, बाकी माझ्या हातात काही नाही." मी स्टेशनबाहेरून आइस्क्रीमचा कप आणला. अण्णांनी एक चमचा तोंडात धरला आणि कप बाजूला सारला.

"साबण आहे. मुरबाडच्या शेवंताबाईचं असतं तर खाल्लं असतं."

पंधरा दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

"मी जाऊन येते," बायको म्हणाली. "तुम्ही राहू द्या."

पण मुरबाडला अण्णा गणिताचे मास्तर होते, माझं सगळं शिक्षण तिथे झालेलं. तिथलं आइस्क्रीम आणायचं तर मीच, असा माझा मान होता. कडीचा डबा आणि प्लॅस्टिकची बादली घेऊन मी सकाळीच निघालो.

शहापूरहून मुरबाडची एसटी मिळाली. माहुलीचे सुळके मागे पडले, किन्हवली आली. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं उघडी पडलेली, मधे मधे काळे चौकोन. तो राब (भाताचं रोप टाकायची भाजलेली जमीन). त्याचा जळका वास खिडकीतून आत आला आणि मी एकदम आठवीत जाऊन बसलो. सरळगावला द्रोणातली करवंदं घेतली. अर्धी खाल्ली, अर्धी शर्टाने खाल्ली.

मुरबाडचा स्टँड ओळखू येईना. जिथे सायकली भाड्याने मिळायच्या तिथे मोबाइलचं दुकान. पण करंजाच्या झाडाखाली ते लाकडी पिंप होतं, शेजारी गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी होती आणि स्टुलावर शेवंतामावशी. केस तेवढे पांढरे झालेले.

पॉट आइस्क्रीम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिंपात बर्फ आणि जाडं मीठ, त्यात उभा डबा, डब्यात म्हशीच्या दुधाचं पिवळंधमक कस्टर्ड. दांडा फिरवायचा, फिरवत राहायचा. मावशीकडे रीत अशी, की पॉट चालू असताना जो येईल त्याने शंभर फेरे द्यायचे, तेही मोठ्याने मोजत. फेरे दिल्याशिवाय वाटी नाही.

"धर दांडा," मावशी म्हणाली. मला ओळखलं नव्हतं.

चाळिसाला माझा खांदा बोलू लागला. साठाला दोन्ही. "साठ," मी म्हणालो, "एकाहत्तर, बहात्तर..."

मावशीने दांडा धरला. "साठावरनं एकाहत्तर? गुरुजींचा पोरगा ना रे तू!"

पूर्वी मी फिरवायचो आणि अण्णा मोजायचे. माझा हात भरून आला की शाळेत कुणाला अर्धा मार्क न सोडणारा हा माणूस साठानंतर खुशाल एकाहत्तर म्हणायचा, आणि मावशी ऐकलंच नाही असं दाखवायची.

"गुरुजी बरं हायेत ना?"

मी सांगितलं. ती हसायची थांबली. पदर खोचून उरलेले फेरे तिने स्वतः दिले, मग आणखी पन्नास. पॉटच्या मधलं, सगळ्यात घट्ट आइस्क्रीम माझ्या डब्यात भरलं, डबा बादलीत ठेवला, भोवती बर्फ आणि मीठ ठासलं, वर ओलं गोणपाट.

"वाटंत झाकन उघडू नको. खारं पानी आत गेलं का संपलं."

"मी काय वाटेत खाणार आहे का, मावशी?"

"खानार नायस. उघडशील."

परतीच्या एसटीत शेजारी किन्हवलीचे एक शेतकरी काका होते. बादलीकडे बराच वेळ बघत राहिले.

"काय हाय?"

"आइस्क्रीम."

"या उन्हात? दूध झालं असंल त्याचं."

"नाही होत. बर्फात मीठ आहे."

"बरफ आमी पन बघितलाय."

मागच्या सीटवरची बाई म्हणाली, "दावा की मंग!"

आता यात अण्णांचा, मावशीचा, अख्ख्या मुरबाडचा प्रश्न होता. मी गोणपाट काढलं, झाकण उघडलं आणि डबा थोडा पुढे झुकवला. पिवळं, टणक, जसंच्या तसं. "हाय रे, हाय!" मागे दोघं-तिघं उठून उभे राहिले. मी विजयी मुद्रेने चारी दिशांना बघत होतो, तेवढ्यात गाडी खड्ड्यात गेली. बादलीतलं पाणी उसळलं आणि सरळ डब्यात.

काका वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "पन उघडलंस कशाला?"

शहापूरच्या स्टँडवर मी पाणी ओतून टाकलं, वरचा थर झाकणाने खरवडला, बोट लावून चाखलं. आइस्क्रीमच होतं, पण समुद्रकिनाऱ्याचं. परत जावं तर आणखी एक दिवस जाणार, आणि अण्णांच्या अंगात असे किती दिवस उरलेत ते मला मोजवत नव्हतं. वाशिंदची काळी-पिवळी भरत होती. मी बादली मांडीवर घेऊन बसलो. घरापर्यंत एकदाही गोणपाटाला हात लावला नाही. शहाणपण मला असंच, काम संपल्यावर येतं.

अण्णा भिंतीला टेकून बसले होते. बायकोने वाटी भरली. पहिला चमचा तोंडात गेला आणि ते थांबले. मी जमिनीकडे बघत राहिलो.

"खारट आहे."

"अण्णा, ते गाडी खड्ड्यात..."

"झाकण उघडलंस."

बायकोने माझ्याकडे बघितलं. अण्णांनी दुसरा चमचा घेतला. तिसरा. वाटीच्या कडेला चमचा खरवडल्याचा आवाज आला. मग त्यांनी रिकामी वाटी तिच्यापुढे धरली.

"तळाचं घाल. तिथे खारं पाणी पोचलं नसेल." आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पुढच्या वेळी तू जा गं. या गाढवाला पाठवू नकोस."